दाबून ठेवलेला निरोप

एका चैत्रात कावड माझ्या खांद्यावरून पडली आणि त्या साली पाऊस आला नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण बहात्तरच्या दुष्काळात ज्याला त्याला कुणावर तरी राग काढायचा होता. आभाळावर काढून उपयोग नव्हता. मी समोरच होतो.

हल्ली डोंगरातल्या लांब पल्ल्याच्या शर्यती निघाल्या आहेत. माझा नातू त्यांत पळतो. जाड तळव्याचे बूट, पाठीला चिकटून बसणारी पाण्याची पिशवी, छातीवर नंबर. दिवसभर घाट चढायचे, उतरायचे आणि संध्याकाळी गळ्यात पदक घालून घरी यायचं. ‘तुमच्या वेळी असलं काही नव्हतं ना?’ असं तो मला विचारतो आणि मी ‘नव्हतं बाबा’ म्हणून पेपरात डोकं घालतो. असलं काही होतं. त्यात मी पळालोही आहे. पण ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागतं, आणि त्यातला काही भाग मी बायकोलाही धड सांगितलेला नाही.

आमचं गाव गर्भगिरीच्या डोंगराच्या पायथ्याशी. गावाच्या डोक्यावर, अगदी माथ्याला, नाथाचं देऊळ. चैत्रातल्या ठरलेल्या दिवशी नाथाला प्रवरेच्या पाण्यानं अंघोळ घालायची, अशी आमच्याकडची चाल. पाणी कोल्हारहून आणायचं आणि पळत आणायचं. बावीस कोस अंतर, आजच्या भाषेत सत्तर किलोमीटरच्या आसपास. आदल्या दिवशी एसटीनं कोल्हार गाठायचं, नदीकाठी अंग टेकायचं, पहाटे घागरी भरून जे सुटायचं ते दिवस मावळायच्या आत देवळाच्या पायरीशी. घुंगरं बांधलेल्या बांबूच्या दांडीला दोन्ही टोकांना तांब्याच्या घागरी, त्यांच्या तोंडावर फडकं आणि कडुनिंबाचा पाला बांधलेला. पाण्यासकट वजन अर्ध्या मणाच्या वर जायचं. पायात काही घालायचं नाही, कितीही ऊन असो. आणि घागर जमिनीला टेकवायची नाही. टेकली तर ते पाणी नाथाचं राहिलं नाही, तिथंच ओतून मोकळं व्हायचं.

मग दमल्यावर करायचं काय? खांदा बदलायचा, तोही पळता पळता. ज्याची पाळी आली तो शेजारून धावत यायचा, दांडीखाली मान घालायचा आणि ‘आलं’ म्हणायचा. तो शब्द ऐकल्यावरच पहिल्यानं आपली मान काढून घ्यायची. दोघांची पावलं जुळली पाहिजेत, नाहीतर घागरी झोके घेतात. म्हणून प्रत्येकाचा एक ठरलेला जोडीदार असायचा. माझा जोडीदार आमच्याच आळीतला, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, अंगानं थोराड आणि बोलायला कमी. लहानपणापासून आम्ही एका बांधावरची गुरं राखलेली. त्याचं पाऊल कधी पडणार हे मला न बघता कळायचं.

तरीही मी पडलो. डोंगरगणच्या पुढच्या उतारावर मुरमावरून पाय सटकला, मी बसलो आणि माझ्या बरोबर दोन्ही घागरीही बसल्या. पाणी काही फार सांडलं नव्हतं. पण कावडीचे मानकरी, म्हणजे ज्यांच्या घराण्याकडे ही कावड पिढ्यान् पिढ्या आहे ते म्हातारे गृहस्थ, पुढं जेऊरला थांबलेले होते. कळल्यावर त्यांनी उरलेलंही ओतायला लावलं. त्या वर्षी नाथाला विहिरीच्या पाण्यानं अंघोळ घातली. नंतर मृग कोरडा गेला, हत्तीही कोरडा गेला, विहिरीचा तळ दिसायला लागला.

आम्ही सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतो. तिथं दुपारी सरकारकडून खायला सुकडी वाटायचे. रांगेत कुणीतरी हमखास म्हणायचं, ‘याला दुप्पट द्या, यानंच पावसाला बी खाली बसवलं.’ लोक हसायचे, मीही हसायचो. पण टँकरपाशी हंडा घेऊन उभ्या असलेल्या माझ्या आईला एक बाई तोंडावर म्हणाली, ‘तुमच्या पोरानं सांडलं, आता भरा.’ आई रिकामा हंडा घेऊन घरी आली. त्या दिवशी मी ठरवलं की पुढच्या चैत्रात काहीही होवो, कावड वर जाणार आणि ती माझ्या समोर जाणार.

मानकरी मला न्यायला तयार नव्हते. गावातली निम्मी तरणी माणसं श्रीगोंद्याकडं ऊसतोडीला गेलेली, पळायला मोजून पाचच जण उरलेले, तरीही त्यांना मी नको होतो. पारावर माझा जोडीदार उठून उभा राहिला आणि म्हणाला, “त्याला न्हाई नेलं तर मीबी न्हाई येनार. बघा तुमी.” म्हाताऱ्यांचा नाइलाज झाला, कारण याच्याशिवाय कावड वर जाणंच शक्य नव्हतं. शेवटची चढण अशी आहे की तिथं दोन माणसं शेजारी मावत नाहीत. खांदा बदलता येत नाही. पायथ्याला जो दांडी खांद्यावर घेईल त्यानंच ती माथ्यापर्यंत न्यायची. कितीतरी वर्षं ती चढण त्याच्या वडलांनी, आबांनी, एकट्यानं चढलेली. नंतर हा चढायला लागला. दुसऱ्या कुणी ती कधी कावड घेऊन चढून बघितलीच नव्हती.

आबा शिमग्यापासून अंथरुणाला खिळलेले होते. छातीत कफ, अन्न जात नव्हतं. निघायच्या दिवशी मी त्याला बोलवायला गेलो तेव्हा तो त्यांच्या उशाशी बसलेला होता. त्याला जायचं नव्हतं, हे दिसत होतं. आबांनीच त्याला हातानं ढकललं. म्हणाले, “जा. मी काय आजच चाललो न्हाई.” घरात त्याचे दाजी आलेले होते, बहिणीचे यजमान. बाहेर पडताना हा त्यांना म्हणाला, “दाजी, काय कमी-जास्त वाटलं तर सायकल घ्या अन् जेऊरला या. आमी दुपारच्याला तितं असतो.”

एसटीत बसल्यावर तो मला म्हणाला, “दाजी आला तर पयलं मला सांगायचं. मानकरी काय बी म्हनू देत.”

“सांगंन की,” मी म्हणालो.

कोल्हारला नदीला पाणी नव्हतं. वाळूत झिरा उकरला, वाटीवाटीनं पाणी घेतलं, फडक्यातून गाळलं आणि घागरी भरल्या. त्यालाच बराच वेळ गेला. शुक्राची चांदणी वर आली तेव्हा मानकऱ्यांनी नारळ फोडला आणि आम्ही निघालो. म्हातारे स्वतः पळायचे नाहीत. ते एसटीनं पुढं जेऊरला जाऊन थांबायचे आणि तिथून गाडीवाटेनं डोंगर गाठायचे.

पहिले सहा-सात कोस जमीन सपाट आणि हवा गार. पळणं म्हणजे काही जीव तोडून धावणं नव्हे, एकसारखी दुडकी चाल. बोलायचं नाही, फक्त ‘आलं’ एवढा शब्द. राहुरी मागं पडली तेव्हा उजाडलं. एरवी वाटेवरच्या गावांतून बाया पाण्यानं पाय धुवायला यायच्या. त्या वर्षी कुणी आलं नाही. वांबोरीच्या अलीकडं एका म्हातारीनं पाचांमध्ये एक तांब्या पुढं केला, तोही अर्धा. आम्ही एकेक घोट घेतला आणि राहिलेलं तिला परत दिलं. खांद्यावर दोन भरलेल्या घागरी आणि घशाला कोरड. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

वांबोरीच्या घाटात ऊन लागलं. आमच्यातल्या एकाच्या पोटात कळा सुरू झाल्या, तो दगडावर बसला तो उठलाच नाही. त्याला डोंगरगणला देवळात सावलीला ठेवलं. राहिलो चौघं. आणि मग तो उतार आला. माझीच पाळी होती. मी दांडी खांद्यावर घेतली आणि उताराच्या तोंडाशीच अडलो. माझा जोडीदार माझ्या उजव्या हाताला आला, त्यानं माझ्या कमरेच्या करदोट्यात दोन बोटं अडकवली आणि तसाच तो उतार संपेपर्यंत माझ्या बरोबर उतरला. खाली आल्यावर बोटं काढून घेतली. एवढंच. मला मात्र त्या क्षणी मोठ्यानं रडावंसं वाटत होतं.

गाव जवळ आलं की एकानं पुढं पळत जाऊन हाळी द्यायची, म्हणजे लोक वाट मोकळी करतात. जेऊरच्या अलीकडं हाळी द्यायला मी गेलो. रस्त्याच्या कडेला लिंबाच्या झाडाखाली मानकरी बसलेले दिसले, आणि त्यांच्या शेजारी सायकल धरून दाजी उभे होते.

दाजींना बघून मला कळायचं ते कळलं. त्यांच्या तोंडाला कोरड पडलेली, धोतर धुळीनं भरलेलं. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, ते मामा म्हणत. म्हणाले, “मामांची वाचा सकाळच्यालाच गेली. डोळं दाराकडं लावल्यात. आत्ता त्याला कॅरेजवर घेतो, दोन तासांत घरी. भेट हुईल.”

मी मागं वळलो. खरंच वळलो होतो, हे मी आजही स्वतःला सांगत असतो. मानकऱ्यांनी हाक मारली.

“थांब. जरा इचार कर,” ते म्हणाले. रागानं नाही, अगदी समजुतीनं. “जीव अजून हाय तवर सुतक न्हाई. अन् गेला तरी कानावर पडल्याबिगर सुतक लागत न्हाई, हे आपल्या वाडवडलांपासनं चालत आलंय. त्याच्या कानावर गेलं नाही तर त्याच्या हातनं काय बी बाटत न्हाई. पानी वर जाऊ दे, मग सांगू. चार तासांचा तर प्रश्न.”

दाजी म्हणाले, “तवर ते ऱ्हायचे न्हाईत.”

“ते नाथाच्या हातात. अन् हा गेला तर चढन कोन चढनार? बाकीचं दोघं पोरसवदा, एक तर निम्म्या वाटंत बसला म्हन्तूस.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “तू चढतूस का? चढत असशील तर सांग त्याला. तू त्याचा जोडीदार, तुझ्यावर सोडलं.”

म्हातारा हुशार होता. पण त्याच्यावर सगळं ढकलून मला सुटता येणार नाही. त्यानं नियम सांगितला, पण निवड माझ्यावर सोडली होती. आणि मी नाथाला घाबरत होतो असंही नाही. माझ्या डोळ्यांपुढं नाथ नव्हता, आबा नव्हते. माझ्या डोळ्यांपुढं खडीच्या कामावरची रांग होती. मी ती चढण चढायला लागलोय, निम्म्यात पाय सटकलाय, घागरी गडगडत खाली चालल्यात आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा पाऊस नाही, असं सगळं मला एका दमात दिसलं. मी म्हणालो, “वर गेल्यावर सांगू.”

दाजींनी माझ्याकडं बघितलं. जावईमाणूस, परक्या गावच्या मानकऱ्यापुढं काय बोलणार. “तुमी म्हंता तर,” एवढं म्हणून त्यांनी सायकल वळवली आणि गाडीवाटेनं निघून गेले. ते वळणाआड जातात न जातात तोच कावडीच्या घुंगरांचा आवाज आला.

त्या वेळी दांडी दुसऱ्याच्या खांद्यावर होती. माझा जोडीदार मोकळा पळत आधी माझ्यापाशी आला. घामानं त्याचे डोळे मिटत होते. त्यानं पहिलं काय विचारलं असेल?

“गावाकडनं कोन आलं हुतं का?”

“न्हाई,” मी म्हणालो.

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. त्यानं हातानं तोंड पुसलं आणि हसला. तो फार हसणाऱ्यातला नव्हता. “मंग आबा बरं असतील,” तो म्हणाला आणि पुढच्या पाळीची दांडी त्यानं माझ्या आधी खांद्यावर घेतली.

त्यापुढचे सहा कोस म्हणजे या वाटेचा सगळ्यात अवघड भाग. रस्ता नाहीच. खडकाळ टेकाडं, मध्ये ओढ्यांच्या कोरड्या घळी, बोरीबाभळीचे काटे, तव्यासारखे तापलेले दगड. तळपाय फुटलेले. दोघं हलके गडी मागं पडायला लागले आणि कावड आम्हा दोघांतच फिरू लागली. पण तो त्या दिवशी असा पळाला की मी त्याला तसं पळताना कधी बघितलं नव्हतं. त्याच्या मनावरचं ओझं मी काढलं होतं ना. मला मात्र प्रत्येक ‘आलं’ म्हणताना धाप लागत होती. दोनदा मी त्याला सांगायचं ठरवलं. एकदा तोंडही उघडलं. त्यानं विचारलं, “काय?” मी म्हणालो, “काय न्हाई, काटा.”

एका घळीत कावड बदलताना तो नियम मोडून बोलला. म्हणाला, “घागरीतलं थोडं आबांसाठी मागून घेतो. कोल्हारचं पानी त्येंच्या घशाला लागलं की बरं वाटंल त्येंना.” मी मान हलवली.

डोंगराच्या सोंडेवर आलं की डाव्या हाताला खाली आमचं गाव दिसतं. कावड गावात न्यायची नसते, वरच्या वर देवळाकडं जायचं. सोंडेवर दांडी त्याच्याकडं होती. मी मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूला आलो आणि तिथूनच पळत राहिलो, त्याच्या आणि गावाच्या मध्ये. मी खाली बघितलं. त्याच्या घरापुढं माणसं उभी होती. एवढ्या लांबून तोंडं दिसत नव्हती, पांढरी मुंडाशी तेवढी दिसत होती. माणसं बसलेली नव्हती, उभी होती. आमच्याकडं माणसं दारात कधी अशी उभी राहतात, ते मला सांगायला नको होतं. तो मान खाली घालून दगड बघत पळत होता. त्यानं वर बघितलं नाही. मी त्याची सावली धरून चाललो होतो आणि मनातल्या मनात म्हणत होतो, बघू नकोस, बघू नकोस.

पायथ्याला त्यानं दांडी नीट केली, दोन्ही तळव्यांना माती चोळली आणि चढायला लागला. मी मागून. ऊन उतरलेलं. त्याच्या टाचेतलं रक्त दगडावर उमटत होतं आणि त्यावर पाय देत मी चढत होतो. मध्ये एकदाही तो थांबला नाही. वर ढोल सुरू झाले, दिवस डोंगराच्या वर दोन हात होता. घागरी पायरीशी न टेकता थेट पुजाऱ्याच्या हातात गेल्या आणि पाणी नाथाच्या डोक्यावर पडलं.

लोकांनी गुलाल उधळला. मलाही लावला. ज्यानं सुकडीच्या रांगेत मला वर्षभर छळलं होतं त्यानंच मला उचलून खांद्यावर घेतलं. त्या खांद्यावरून मी माझ्या जोडीदाराला बघत होतो. तो पुजाऱ्याकडून छोट्या तांब्यात पाणी घेत होता. मानकऱ्यांनी लांबूनच मला खूण केली, सांग आता.

मी खाली उतरलो, त्याला देवळाच्या मागच्या बाजूला नेलं आणि सांगितलं. कसं सांगितलं, ते शब्द मला आठवत नाहीत. त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, “कवा आलता दाजी?”

“जेऊरला.”

“मी इचारलं हुतं.”

“व्हय.”

त्यानं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तो पळाला. सत्तर किलोमीटर पळून आलेला माणूस, तळपाय फाटलेले, आणि तो डोंगर उतरताना दगडांवरून उड्या घेत पळाला. तांब्यावर एक हात धरलेला. मी त्याच्या मागं पळालो, हाका मारल्या, पण तो माझ्या हाती लागला नाही. मी पोचलो तेव्हा तो आबांच्या उशाशी बसलेला होता आणि त्याची आई त्याला सांगत होती, “ऊन उतरूस्तवर वाट बघितली रं. मी म्हनत हुते, यील, यील.” जेऊरला काय ठरलं ते दाजींनी तिला सांगितलं नव्हतं. दाजी भिंतीला टेकून उभे होते आणि माझ्याकडं बघत नव्हते. जेऊरहून तो निघाला असता तर आबा असताना पोचला असता, आणि नंतरही हातात तासभर राहिला असता. हा हिशेब तिथं आम्हा तिघांनाच करता येत होता.

त्यानं तांब्यातलं पाणी आबांच्या ओठांना लावलं. ते आत गेलं नाही, गालावरून उशीवर ओघळलं.

त्या साली पाऊस लागला. वेळेवर आणि भरपूर. गावात माझ्या नावाला चिकटलेलं सगळं त्या पावसानं धुवून नेलं, आणि आईला टँकरपाशी टोमणा मारणारी बाई आमच्या घरी पहिल्या भाजीची जुडी घेऊन आली. पण लोक माझ्यापेक्षा जास्त त्याचं कौतुक करत होते. बाप मरणाच्या दारात असताना पोरानं कावड सोडली नाही, असं ते एकमेकांना सांगत. मानकरी तर पारावर त्याच्या पाया पडले. त्यानं असं काही केलेलंच नव्हतं. त्याला कुणी करायला किंवा न करायला वाव दिला नव्हता. लोक बोलायला लागले की तो उठून निघून जायचा, आणि लोकांना वाटायचं की किती हा विनय.

माझ्याशी तो बोलायचा. दिसलो की ‘काय, बरं हाय का’ म्हणायचा. वाईट शब्द कधी काढला नाही. बस्स, बांधावर माझ्याशेजारी बसायचं त्यानं सोडलं.

कार्तिकात बाजरी काढणीला आली. मी त्याच्या रानात गेलो, न विचारता विळा घेतला आणि त्याच्या शेजारची पात धरली. दुपारपर्यंत दोघांनी कापणी केली. जेवायला बसलो तेव्हा मी म्हणालो, “चैत्रात येनार न्हवं?”

“न्हाई,” तो म्हणाला. “आता न्हाई.”

“माझ्यामुळं?”

तो भाकरी मोडत राहिला. मी म्हणालो, “मला वाटलं, तू गेलास तर कावड वर जानार न्हाई. चढन कोन चढनार हुतं?”

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. “तू,” तो म्हणाला. “मी पारावर उठून भांडलो त्ये कशापायी? तू सांगितलं असतंस तर मी गेलो असतो अन् तू कावड वर नेली असतीस. मला खात्री हुती. तुलाच न्हवती.”

तो पाणी प्यायला आणि उठला. मी तिथंच बसून राहिलो. माझ्या हातातली भाकरी मला खाववली नाही.

पुढच्या चैत्रात तो आला नाही. ऊसतोडीची माणसं परत आलेली होती, पळायला आम्ही आठ जण होतो, नदीला पाणी होतं. पायथ्याला आल्यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. मी पुढं झालो, दांडीखाली मान घातली, ‘आलं’ म्हणालो आणि चढायला लागलो. पहिल्या दोन वळणांवर जीव घाबरा झाला. तिसऱ्यानंतर पाय आपोआप दगड धरायला लागले. एका जागी डावा पाय घसरला, घागर खडकावर आपटता आपटता राहिली, मी तोल सावरला आणि पुढं निघालो. वर ढोल वाजत होते. पुजाऱ्यानं माझ्या हातातून घागरी घेतल्या तेव्हा माझ्यात अजून चार पावलांचा नाही, चांगला पाव कोसाचा दम शिल्लक होता.

लोक गुलाल घेऊन माझ्याकडं यायला लागले. मी त्यांना हातानं थांबवलं आणि देवळाच्या मागं जाऊन बसलो. ती चढण मला जमण्यासारखी होती.